पेजेबरोबर तोंडी लावायला

मी भांडकुदळ बाई आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. रिक्षावाला असो, बँकेतला कारकून असो, माझा चटकन खटका उडतो. एका विमा कंपनीत मी दावे तपासते. लोकांच्या हॉस्पिटलच्या फायली दिवसभर वाचायच्या आणि त्यात खोट कुठे आहे ते शोधायचं, हे माझं काम. ही सवय घरी आल्यावरही जात नाही, आणि घाडीकाकींच्या बाबतीत मी तिचा पुरेपूर वापर केला.

रत्नप्रभा सीताराम घाडी. घाटकोपरच्या भटवाडीत नवव्या मजल्यावर माझ्या बरोबर समोर राहायच्या. आमची बिल्डिंग उभी राहण्याआधी त्या जागी चाळ होती आणि त्या चाळीत काकी चाळीस वर्षं राहिल्या होत्या. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो एका शाळेत पहारेकरी झाला आणि नव्या घराची चावी मिळायच्या वर्षभर आधी गेला. एकुलता मुलगा राजेश बंगळुरूला. म्हणजे तीनशे चौरस फुटांचं नवंकोरं घर मिळालं ते एकट्या काकींना.

दोन वर्षांपूर्वी मी समोरच्या घरात भाड्याने आले, तेव्हा काकींचं दार सकाळी सातला उघडायचं ते रात्री जेवणं झाल्यावरच बंद व्हायचं. चाळीची सवय. मजल्यावर चार दारं. एकाला कायम कुलूप, दुसऱ्यातले भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलणारे, तिसरं माझं आणि चौथं काकींचं. त्या उघड्या दारातून बघण्यासारखं काही नव्हतंच, लिफ्ट तेवढी होती. तरी त्या दारापाशी खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसायच्या.

"गो बाय, चाय घेतलंस काय?" मी कुलूप लावत असले की त्या विचारायच्या.

"घेतला," मी म्हणायचे. घेतलेला नसायचा. पण पावणेनऊला मला ऑफिसला पळायचं असायचं, आणि एकदा 'नाही' म्हटलं की आत जाऊन बसावं लागेल, मग गाव, मग राजेश, मग नातीचे फोटो. माझं लग्न मोडलेलं, आई जालन्याला, आणि चौकशी करणाऱ्या माणसांचा मला तेव्हा कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर भीती वाटायची.

मग तो वासाचा प्रकार झाला. काकी सकाळी पेज करायच्या. तांदळाची मऊ, पातळ पेज, आणि तोंडी लावायला भाजलेला जवळा. जवळा म्हणजे वाळवलेली अगदी बारीक कोलंबी. काकींची जाऊ प्रेमा दर मे महिन्यात देवगडहून डबा भरून पाठवायची. तव्यावर तो जवळा पडला की वास थेट माझ्या घरात. मी स्वतः खाणारी आहे. आमच्याकडे सुकट-बोंबील बाजारच्या दिवशी ठरलेला. पण धुऊन वाळत घातलेल्या कुडत्याला जवळ्याचा वास लागलेला आणि ऑफिसात बाजूच्या बाईने नाक मुरडलेलं, एवढं मला पुरलं. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "नवव्या मजल्यावर रोज सकाळी सुक्या मासळीचा उग्र वास येतो. संबंधितांनी दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात."

काकींकडे बटणांचा फोन. त्या ग्रुपवर नव्हत्याच. सेक्रेटरी धोंडिराम स्वतः वर येऊन त्यांना सांगून गेले. माझं नाव त्यांनी घेतलं की नाही मला माहीत नाही, पण मजल्यावर दुसरं होतं तरी कोण?

दुसऱ्या दिवसापासून दार बंद झालं. खिडक्याही. भांडण नाही, टोमणा नाही. लिफ्टमध्ये भेटल्या तर बाजूला सरकून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मॅडम, तुम्ही जावा पुढे." 'गो बाय' संपलं, मी 'मॅडम' झाले, 'तुम्ही' झाले. मला वाटलं, बरं झालं, सुटले.

पुढचं सगळं मला नंतर कळलं, काकींच्या तोंडून, हॉस्पिटलच्या बाकावर.

यंदा जून महिन्यात एका सकाळी त्यांना घेरी आली. ओठांना मुंग्या, हातापायावर गांधी, आणि उभं राहिलं की घर फिरतंय. त्यांनी गावचे उपाय केले. गांधी म्हणजे पित्त, आणि पित्ताला कोकमाचं आगळ. अंगाला आगळ चोळलं, पाण्यात घालून प्यायलं, कांदा हुंगला, भिंतीला पाठ लावून बसून राहिल्या. दोन तासांनी उतरलं. संध्याकाळी गल्लीतल्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"काय नाय. पेज."

"मासे?"

"नाय ओ. मासे खय?"

काकी खोटं बोलल्या नव्हत्या. मासे म्हणजे बांगडा, सुरमई, सौंदाळा. कोळणीकडून घ्यायचे, कापायचे, तिरफळं घालून शिजवायचे. पेजेवर घेतात तो चिमूटभर जवळा कुणी जेवणात धरतं का? लोणच्याची फोड खाल्ली म्हणून कुणी आंबा खाल्ला असं सांगतं का? डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, थोडा कमी होता. अशक्तपणा म्हणाले, खाज थांबायची गोळी दिली. आणि म्हणाले, "एकट्या राहता ना? मग घेरी आली की आधी दाराची कडी काढायची. आणि फोन करायला दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दाराला लावून ठेवा."

अशक्तपणा म्हटल्यावर काकींनी काय करावं? कोकणात आजारी माणसाला जे देतात तेच केलं. हलकं जेवण. पेज आणि भाजलेला जवळा, सकाळ-संध्याकाळ. तेही खिडक्या घट्ट लावून, त्या धुरात उभं राहून. जुलैत आणखी दोनदा घेरी आली. दोन्ही वेळा त्यांनी कडी काढली, जमिनीवर पडून राहिल्या, बरं वाटल्यावर उठून कडी परत लावली आणि पुन्हा पेज टाकली.

राजेशला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने घराला कुलूप घालून त्यांना बंगळुरूला नेलं असतं. तिथे त्या एकदा तीन महिने राहून आल्या होत्या. मुलगा-सून सकाळी कामावर, नात शाळेत, खाली भाजीवालीशी बोलायचं तर भाषा येत नाही. "थंय मी भांड्यांशी बोलंय," त्या मला म्हणाल्या. इथे निदान घर स्वतःचं होतं, आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या निम्म्या माणसांना त्या नावाने ओळखत होत्या. ते सोडायचं नव्हतं, म्हणून घेरी लपवली.

श्रावण आला आणि सगळं थांबलं. महिनाभर डोकं शांत. श्रावणानंतर गणपतीला गावी गेल्या, तिथेही गणपती असेपर्यंत ठणठणीत. काकींनी देवाचे उपकार मानले, गाऱ्हाणं घातलं, पुढच्या वर्षी नारळ द्यायचं कबूल केलं. सणावारामुळे दोन महिने जवळ्याच्या डब्याचं झाकणच निघालं नव्हतं, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता त्या रविवारचं सांगते. गणपतीनंतरचा दुसरा रविवार.

रविवारी मी उशिरा उठते आणि बाजारात जाते. त्या दिवशी कोथिंबीरवाल्याशी माझं वाजलं. वरून ताजी जुडी आणि आत काळी पडलेली पानं. मी जुडी सोडून त्याच्यासमोर पसरली, तो ऐकेना, मी हटेना, चार माणसं जमली. शेवटी त्याने दुसरी जुडी दिली आणि मी विजयी होऊन निघाले. दोन हातांत पिशव्या घेऊन वर आले, लिफ्टचं दार उघडलं, तर समोर काकींचं दार सताड उघडं आणि काकी उंबऱ्यात बसलेल्या. चौकटीला टेकून, पाय बाहेर पसरून.

ओठ सुजले होते. डोळ्यांच्या जागी फटी राहिल्या होत्या. गळ्यावर, दंडावर लाल चट्टे. श्वास घेताना आत बारीक शिट्टी वाजत होती. मला बघून त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला.

"उशीर झालो आज," त्या जड जिभेने म्हणाल्या. मला वाटलं, बरळताहेत.

मग म्हणाल्या, "दार उघडा ठेवलंय हां, मॅडम. वास येतलो तुमका. वायच सोसा."

मी आयुष्यात खूप भांडले आहे आणि लोकांनीही मला खूप ऐकवलं आहे. पण एवढं लागेल असं मला कुणी बोललेलं नाही, आणि काकी तर माफी मागत होत्या.

मला काय करायचं ते माहीत होतं, ही त्यातली आणखी लाज. असल्या फायली मी शेकड्यांनी वाचल्या होत्या. खाण्यातलं काही बाधलं, अंगावर चट्टे, चक्कर, रक्तदाब खाली, श्वास अडकतो. रुग्णाला उभं करू नये, चालवू नये, आडवं करून पाय वर घ्यावेत, घशाला सूज असेल तर तोंडातून काही देऊ नये, गोळीची वाट बघत घरी थांबू नये. डॉक्टरांच्या नोंदींतलं हे सगळं मला पाठ होतं, ते दावा मंजूर करायचा की नाही एवढ्यासाठी. मी काकींना तिथेच लादीवर निजवलं आणि पायांखाली बटाट्यांची पिशवी सरकवली. आडवं झाल्यावर शिट्टी वाढली, तेव्हा डोकं-खांदे माझ्या मांडीवर जरा उचलून धरले. त्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवून आगळ मागत होत्या. मी दिलं नाही. वॉचमनला फोन केला, तो रिक्षा थांबवून प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर आला. खुर्ची मागे कलती धरून आम्ही त्यांना खाली नेलं. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वजन काहीच नव्हतं.

हॉस्पिटलात आल्याआल्या मांडीत इंजेक्शन दिलं. दहा-पंधरा मिनिटांत शिट्टी थांबली, तासाभराने डोळे दिसायला लागले. मग तिथली तरुण डॉक्टर कागद घेऊन बसली.

"आजी, सकाळी काय खाल्लं?"

"काय नाय. पेज."

"आणि भाजलेला जवळा," मी म्हटलं. उघड्या दारातून तो वास आला होता. ज्या नाकाने तक्रार केली होती, त्याच नाकाने साक्ष दिली.

डॉक्टरने लिहायचं थांबवलं. आधी कधी त्रास झाला, कधी नाही झाला, सगळं विचारून घेतलं. काकींनी श्रावणाचं सांगितलं, देवाचं सांगितलं. डॉक्टर हसली नाही, हे तिचं मला आवडलं. "आजी, देव आहेच. पण श्रावणात तुम्ही जवळा खाल्ला नव्हता."

"अडुसष्ट वर्षां खातंय मी," काकी म्हणाल्या. "आताच कित्याक बाधतलो?"

"कुठल्याही वयात सुरू होऊ शकतं. आता कोलंबी, जवळा, कुर्ल्या-खेकडे, सगळं बंद. भाजतानाच्या धुरातही उभं राहायचं नाही. बांगडा खा हवा तर, पण रक्त तपासून झाल्यावर."

काकी हळूच मला म्हणाल्या, "मगे आजारपणात माणसान खावचा काय?"

घरी सोडताना डॉक्टरने इंजेक्शन लिहून दिलं, मांडीत कसं द्यायचं ते मला दाखवलं, आणि पुन्हा असं झालं तर आडवं व्हायचं, इंजेक्शन घ्यायचं, लगेच माणूस बोलवायचं आणि हॉस्पिटल गाठायचं, असं बजावलं. "माणूस बोलवायचं" म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं. मी फाईलमध्ये डोकं घातलं.

राजेशचा नंबर मी काकींच्या फोनवरून घेऊन त्याला कळवलं होतं. सोमवारी तो आला. सरळ मुलगा, आईवर चिडला, मग रडला. संध्याकाळी माझ्या दारात उभं राहून म्हणाला, "ताई, आईला तिकडे करमत नाही, मला माहितीये. एक चावी तुमच्याकडे ठेवली, आणि सकाळ-संध्याकाळ एकदा हाक मारलीत, तर ती इथेच राहू शकेल. तुम्ही समोरच असता ना?"

साधं 'हो' म्हणायचं होतं. सकाळी पावणेनऊला एक हाक, रात्री आठला एक हाक. पण मी मनात दावा तपासल्यासारखा तपासला. उद्या यांना काही झालं तर? माझ्यावर आलं तर? रविवारी मला झोपायचं असलं तर?

"माझं ऑफिस असतं हो," मी म्हटलं. "पण बघते ना. जमेल तसं."

समोरचं दार उघडं होतं. आत काकी पलंगावर बसून औषधांच्या पट्ट्या लावत होत्या. त्यांचे हात थांबले, एवढं मला दिसलं.

"राजेश," त्यांनी आतून हाक मारली, "माझी बॅग काढ रे माळ्यावरची. मी येतंय तुझ्यावांगडा."

"अगं, पण आत्ताच तर तू..."

"येतंय म्हटलंय मा? नातीक बघून किती दिवस झाले."

नातीचं काही नव्हतं. माझी अडचण होऊ नये म्हणून त्या निघाल्या. मला ते तिथल्या तिथे कळलं होतं आणि तरी मी काही बोलले नाही.

बुधवारी पहाटेच्या विमानाने जाणार होते. मंगळवारी दुपारी मी सुट्टी घेऊन घरी होते, का ते मलाच ठाऊक नाही. काकींनी बेल वाजवली. हातात प्रेमाने पाठवलेला जवळ्याचा डबा, झाकणाला चिकटपट्टी मारलेली, आणि वर घराची चावी.

"तुळशीक पाणी घाल जमलाच तर," त्या म्हणाल्या. "आणि ह्यो घे. टाकूक जीव होना नाय. प्रेमान निवडून धाडल्यान हा. तुका चालता मा?"

तुका. मी मान खाली घातली.

"चालतो. पण तुम्हाला कसं कळलं मी खाते ते?"

"आयतवारी तुझ्या घरातसून बोंबलाचो वास येता मगो," काकी म्हणाल्या. "बरो येता."

दीड वर्ष त्यांनी बंद दाराआड बसून माझ्या बोंबलाचा वास घेतला होता आणि एका शब्दाने कुणाकडे तक्रार केली नव्हती. मी डबा घेतला. "काकी, या लवकर," म्हटलं. त्या "होय तर" म्हणाल्या. दोघींनाही माहीत होतं की राजेश आता त्यांना एकटं राहू देणार नाही.

त्याला आज नऊ दिवस झाले. तुळशीला पाणी घालायला मी रोज जाते, दार उघडं टाकून, घाईघाईत. काल मात्र वाऱ्याने दार माझ्यामागे धाडकन लागलं. ते उघडायला वळले तर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. दार उघडं असलं की ती बाजू भिंतीकडे जाते, म्हणून इतके दिवस दिसला नव्हता. कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर लिहिलेला, जूनमधल्या डॉक्टरांनी सांगितला होता तो. मोठी, वाकडीतिकडी अक्षरं.

पहिल्या ओळीत राजेश, पुढे त्याचा नंबर.

दुसऱ्या ओळीत 'समोरची मीरा'. नाव माझ्या दारावरच्या पाटीवरून घेतलं असणार. पुढे नंबराची जागा कोरी. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, मी कधी दिला नव्हता, आणि त्यांनी तो मागावा अशी सोय मीच ठेवली नव्हती. पण त्याखाली, त्याच पेनाने, आणखी दोन ओळी होत्या.

'पावणेनवाक जाता. रात्री आठाक येता.'

'आयतवारी बाजारात जाता. बाराक येता.'

मी कागदासमोर उभी राहिले. म्हणजे त्या दिवशी मी योगायोगाने आले नव्हते. श्वास अडकायला लागल्यावर काकींनी हा कागद वाचला होता, घड्याळ बघितलं होतं, कडी काढली होती, आणि माझ्या वेळेच्या हिशोबाने उंबऱ्यात येऊन लिफ्टकडे तोंड करून बसल्या होत्या.

त्या रविवारी मी कोथिंबिरीवरून भांडत होते. मी साडेबाराला आले.